विद्यार्थ्यांचा अभ्यासनिबंध : बुलढाणा जिल्ह्यातून घेतलेला आढावा

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी लिहिलेल्या अभ्यासनिबंधाकडून कसली अपेक्षा ठेवायची, हा प्रश्न जुना आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र तो टाळता येईनासा झाला आहे. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि पाहिजे त्या विषयावरचा निबंध काही मिनिटांत मिळू लागला. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यासोबत क्षेत्रप्रकल्प, समाजसहभागाचे उपक्रम आणि चौथ्या वर्षाला संशोधन प्रकल्प अशी लेखी कामे वाढली. राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि तिच्यात निबंधाचा स्वतंत्र पेपर आला. थोडक्यात, लेखनाची मागणी वाढली त्याच सुमारास स्वतः न लिहिता ते सादर करण्याची सोयही झाली.

हा आढावा बुलढाणा जिल्ह्याच्या अंगाने घेतला आहे. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो. हे विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर इथल्या वर्गांत बसणारे बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी आणि शेतमजूर घरांतले आहेत, आणि अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली ही पहिलीच पिढी आहे. इतिहास, साहित्य, कायदा, विज्ञान आणि आरोग्य या पाचही विषयांत न सुटलेले, महत्त्वाचे प्रश्न या जिल्ह्यात एसटीच्या अंतरावर आहेत. इथल्या निबंधांची स्थिती पाहताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते.

पूर्वपीठिका

मराठीत विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधाची परंपरा फार मोठ्या ठिकाणाहून सुरू होते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ती जेमतेम चौदा वर्षांची मुलगी होती. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिने त्यात विचारला. पेशवाईत आपल्या लोकांवर झालेल्या जुलमांचे दाखले दिले. बाळंत होणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसते, आजारात वैद्याला द्यायला पैसे नसतात, हेही लिहिले. धर्म, इतिहास, न्याय आणि आरोग्य असे सगळे एका शाळकरी निबंधात आले होते, आणि त्यातला पुरावा तिच्या वस्तीतला होता.

दुसरे उदाहरण थेट बुलढाण्याचे आहे. ताराबाई शिंदे शाळेत गेल्या नाहीत. वडिलांनी त्यांना घरीच शिकवले. त्यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. त्याला निमित्त एका खटल्याचे होते. सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या नीतीवर जी झोड उठली, तिला ताराबाईंनी उत्तर दिले. पुराणांतल्या कथा, प्रचलित नाटके आणि कादंबऱ्या, रोजचे घरगुती व्यवहार हे सगळे त्यांनी साक्षीला काढले. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. नंतर हा निबंध जवळजवळ विस्मरणात गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केल्यावर नव्याने वाचला जाऊ लागला. आज तो स्त्रीवादी विचाराच्या इतिहासात देशाबाहेरही शिकवला जातो.

याच काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४ पासून) मराठी वैचारिक गद्याला डौल दिला. विद्यापीठांत मात्र मराठीची वाट बिकट होती. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा लवकरच बाहेर गेल्या आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या दीर्घ खटपटीनंतर विसाव्या शतकाच्या तोंडावर मराठीचा पुन्हा शिरकाव झाला. तोवर निबंध हा शाळेच्या भाषाविषयातला एक प्रश्न होऊन बसला होता. वर्णनात्मक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक अशा त्याच्या कप्प्यांत पिढ्या घडल्या. फाटक्या पुस्तकाचे मनोगत सुरेख लिहिणारी मुलगी बी.ए.ला येते आणि तिला सांगितले जाते की आता संदर्भ दे, गृहीतक मांड, निष्कर्ष काढ. या दोन्हींच्या मधला पूल अभ्यासक्रमात कुठेच बांधलेला नाही. पुढच्या बहुतेक वादांचे मूळ मला इथे दिसते.

प्रकल्पवही कशी दिसते

प्रत्यक्षात हाती येणारी वस्तू सगळ्यांच्या ओळखीची आहे. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर, पहिल्या पानावर महाविद्यालयाचे बोधचिन्ह. मग प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. त्यानंतर प्रस्तावना, विषयाची व्याख्या, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, निष्कर्ष, शिफारशी. ऋणनिर्देशात प्राचार्यांपासून टायपिंगवाल्यापर्यंत सर्वांची नावे असतात. व्याख्यांना दहा पाने मिळतात आणि गावात जाऊन जे पाहिले त्याला दीड. महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीच्या फाइली संगणकात असतातच. नाव आणि बैठक क्रमांक बदलला की काम होते. मार्गदर्शक सही करतात, तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारले जातात, अंतर्गत गुण भरले जातात. पुढच्या उन्हाळ्यात गठ्ठा रद्दीत जातो.

यात विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे. पण एका प्राध्यापकाकडे साठ-सत्तर प्रकल्प असतील आणि प्रत्येकाला वाचायला अर्धा तासही मिळत नसेल, तर कोणीच न वाचणाऱ्या पानांवर मेहनत करायला विद्यार्थी तरी का तयार होईल?

पाच विषय, पाच प्रकारचा पुरावा

निबंध म्हणजे एकच साचा, असे मानून सर्व शाखांना एकच आराखडा दिला जातो. पण प्रत्येक विषयात पुरावा म्हणून जे चालते ते निराळे असते, आणि जिल्ह्यातली उदाहरणे घेतली की ते लगेच दिसते.

इतिहासात सिंदखेड राजावर दरवर्षी असंख्य निबंध लिहिले जातात. जिजाऊंचा १५९८ चा जन्म, लखुजीराव जाधवांचा वाडा, १६२९ मध्ये निजामशाही दरबारात झालेली त्यांची हत्या, हा क्रम ठरलेला आहे. त्या मानाने त्याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याकडे कोणी फिरकत नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथे निजाम-उल-मुल्कने मुघल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. दख्खनचे पुढचे सव्वादोनशे वर्षांचे राजकारण ज्या मैदानावर ठरले, ते मेहकर-सिंदखेड परिसरातल्या विद्यार्थ्याला सायकलवर गाठता येते. सिंदखेड राजातही जून २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याला लखुजीरावांच्या समाधीजवळ काम करताना शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. जाधवांच्या आधी तिथे काय होते, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला. इतिहासाच्या निबंधाबाबत दोन मते आहेत. एक म्हणते, पदवीच्या विद्यार्थ्याने आधी मान्य ग्रंथ नीट वाचून त्यांचा सारांश काढावा. फारसी आणि मोडी न येता मूळ साधनांच्या गोष्टी करणे व्यर्थ आहे. दुसरे म्हणते, जुनी गॅझेटियरे, गावचे दप्तर, शिलालेख, म्हाताऱ्यांच्या आठवणी एवढे तरी त्याच्या आवाक्यात आहे. दोन्हींत तथ्य आहे. अडचण अशी की हातात येणारा निबंध बहुधा दोन्ही करत नाही. सारांशाचाच सारांश काढतो.

साहित्यात संत चोखामेळ्यांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा आहे, मेहकरचे ना. घ. देशपांडे आहेत, ताराबाई आहेत. वकिली करणाऱ्या ना. घं.ना ‘खूणगाठी’साठी १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरी वर्गातले निबंध कवीचा जीवनपट, काव्यवैशिष्ट्ये आणि समारोप या तीन खणांत बसतात. कवितेतल्या एका शब्दापाशी थांबून केलेले वाचन दुर्मीळ आहे. आणखी एक मतभेद बोलीचा आहे. घरात वऱ्हाडी बोलणारा विद्यार्थी ‘मले’, ‘काहून’ सोडून प्रमाण मराठीत लिहितो, तेव्हा त्याचे वाक्य ताठ आणि उसने होते. अभ्यासलेखनाला प्रमाणभाषाच हवी, नाहीतर जिल्ह्याबाहेर ते पोहोचणार नाही, असे एक बाजू म्हणते. निदान मुलाखती आणि लोकसाहित्य बोलीतच नोंदवावे, विश्लेषण प्रमाणभाषेत करावे, असा मध्यममार्ग काही अध्यापक सांगतात आणि तो मला व्यवहार्य वाटतो.

कायद्याच्या निबंधात भाषेचाच पेच मुख्य आहे. राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली. उच्च न्यायालयाचे कामकाज घटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजीत चालते. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणार असलेला विद्यार्थी निकालपत्रे इंग्रजीत वाचतो आणि कैफियत मराठीत लिहायला शिकतो. त्याच्यासाठी लोणारसारखा विषय नाही. सरोवर वन्यजीव अभयारण्य आहे, २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, काठावरची प्राचीन मंदिरे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, भोवती वस्ती आणि शेती आहे, आणि संवर्धनाबाबतच्या याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालल्या आहेत. एका तळ्याला किती कायदे लागू होतात आणि ते एकमेकांना कुठे अडतात, एवढे जरी कोणी नीट मांडले तरी तो कामाचा निबंध होईल. सहसा मात्र कलमांची भाषांतरेच एकापुढे एक मांडलेली दिसतात.

विज्ञानासाठीही लोणारच सर्वांत समृद्ध आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बसाल्ट खडकात आहे. एकोणिसाव्या शतकात ते ज्वालामुखीचे मानले जाई. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने ते उल्काघाताचे असल्याचा भक्कम पुरावा दिला. वयाबद्दल मात्र एकवाक्यता नाही. उष्मादीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आरगॉन समस्थानिकांच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून अधिक फरक! विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा कोणता? मोजमापाची पद्धत बदलली की उत्तर का बदलते, खडकातल्या कोणत्या घटकाचे ‘घड्याळ’ कधी पुन्हा शून्यावर येते, हे त्याला लिहिता यावे. तरीही बहुसंख्य प्रकल्पांत ५२ हजार हा एकच आकडा बिनधोक उतरवलेला असतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा आधी अफवांना ऊत आला. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. पाण्याचा सामू, क्षारता, पाऊस, तापमान यांच्या साध्या नोंदी महिन्यामागून महिना ठेवणे स्थानिक महाविद्यालयाला परवानगी घेऊन जमण्यासारखे आहे. अशी सलग दहा वर्षांची वही जमली, तर मोठ्या संस्थाही ती मागायला येतील.

आरोग्यात जबाबदारी सर्वांत मोठी आहे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात खाऱ्या पाण्यामुळे मूत्रपिंडे बिघडतात, हे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत गावोगाव बोलले जाते. बोलले जाणे आणि कार्यकारणभाव सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे: कीटकनाशके, उन्हातले काम, वेदनाशामक गोळ्या, मधुमेह अशी इतर कारणेही तपासावी लागतात. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव परिसरातल्या गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले. पाण्यापासून शाम्पूपर्यंत तर्क लढवले गेले, आयसीएमआरची पथके आली, आणि विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्यावर वाद झाला. या घटनेवर निबंध लिहिताना बातमी, दावा, प्रयोगशाळेचा आकडा आणि सिद्ध निष्कर्ष या चार पायऱ्या वेगळ्या ठेवता येणे, हीच खरी परीक्षा आहे. रुग्णाची संमती आणि गोपनीयता हा दुसरा मुद्दा. केस गेलेल्या मुलींचे फोटो त्या दिवसांत फोनोफोनी फिरले. प्रकल्पात तसे होता कामा नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे या विषयांना आता जिल्ह्यातच मार्गदर्शक मिळू शकतात.

भाषेचा वाद

इंग्रजी की मराठी, यावर तीन भूमिका आहेत. पहिली अशी की विज्ञान, कायदा आणि वैद्यक यांतले ताजे लेखन इंग्रजीत आहे. मराठीत लिहिणारा विद्यार्थी पुढच्या स्पर्धेत मागे पडतो. दुसरी अशी की न समजलेले इंग्रजी उतरवून काढण्यापेक्षा समजलेले मराठीत मांडणे चांगले. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये, अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी उत्तरे स्थानिक भाषेत लिहू द्यावीत, असे विद्यापीठांना सुचवले. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. या दोन्हींमुळे या बाजूला बळ आले. तिसरी भूमिका मिश्र भाषेची आहे: संज्ञा वापरातल्या, वाक्य मराठीचे. परिभाषाकोशातला शब्द पहिल्या वाचनात कळत नसेल, तर त्याने नेमकेपणा येत नाही, असे हे लोक म्हणतात. माझा कल या तिसऱ्या भूमिकेकडे आहे. मात्र तिलाही मराठी संदर्भग्रंथांच्या तुटवड्यावर उत्तर नाही.

उसनवारी आणि नवे यंत्र

वाङ्मयचौर्याबाबत २०१८ चे आयोगाचे विनियम सर्वत्र उद्धृत होतात. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही; त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्या, आणि साठच्या वर नोंदणी रद्द. एक गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते: या विनियमांनी गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका व्याख्येतूनच वगळल्या आहेत. त्यांचा रोख पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांवर आहे. म्हणजे बी.ए., बी.एस्सी.च्या प्रकल्पवहीला या नियमांचा धाक नाही. महाविद्यालयाने स्वतः ठरवले तरच तिथे काही होते.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. आपल्याकडे अजून बरेच टायपिंग कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत होते. त्यातला मजकूर संगणकाच्या आत देवनागरी नसतोच. रोमन अक्षरांची गुंतवळ असते. तपासणीच्या सॉफ्टवेअरला ती जुळवता येत नाही आणि संपूर्ण उतरवलेला प्रबंधही कोरा करकरीत म्हणून सुटू शकतो. लेखन युनिकोडमध्येच स्वीकारण्याची सक्ती ही छोटी वाटणारी सुधारणा सर्वांत आधी व्हायला हवी.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दलची मते अजून घट्ट झालेली नाहीत. बंदी घाला म्हणणारे आहेत. पण यंत्राने लिहिलेले ओळखण्याची साधने खात्रीची नाहीत आणि निरपराध विद्यार्थी अडकण्याची भीती खरी आहे. वापर जाहीर करून परवानगी द्या म्हणणारे सांगतात की घरात पुस्तक नसलेल्या मुलीला कठीण परिच्छेद सोप्या मराठीत समजावून देणारे हे साधन आहे. तिसरा गट हस्तलिखित, वर्गात बसून लिहिलेले निबंध आणि गंभीर तोंडी परीक्षा यांकडे परत जा म्हणतो. लोणारच्या काठावर स्वतः मोजलेला आकडा, साखरखेर्ड्यात घेतलेली मुलाखत, तालुका न्यायालयात बसून टिपलेला कामकाजाचा दिवस यंत्राला घडवता येत नाही. खोटा रचता येतो, पण दोन प्रश्नांत तो उघडा पडतो. यामुळे स्थानिक विषयांचा आग्रह धरणाऱ्यांना नवा आधार मिळाला आहे.

न सुटलेले

चौथ्या वर्षाच्या संशोधन शाखेसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. ग्रामीण महाविद्यालयांत तिथपर्यंत किती जण पोहोचतील आणि त्यांना मार्गदर्शक कुठून मिळतील, हे येत्या वर्षांत कळेल. रिक्त पदे आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापक ही परिस्थिती असताना प्रकल्पांची संख्या कमी करून प्रत्येक प्रकल्प खोल करावा, की सर्वांना थोडा अनुभव द्यावा, यावर एकमत नाही. स्पर्धा परीक्षेचा निबंध आणि अभ्यासनिबंध एकत्र शिकवता येतील का, हेही कोणी नीट तपासलेले नाही. पहिल्यात समतोल आणि वेग लागतो, दुसऱ्यात एकाच मुद्द्यापाशी रेंगाळण्याची मुभा. इथल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना दोन्ही हवे आहेत, आणि ती मागणी रास्त आहे.

जतनाचा प्रश्न मात्र पैशांवर किंवा धोरणावर अडलेला नाही. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर जातात. पदवीच्या निबंधाला कुठेच जागा नाही. तेव्हा जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि वार्षिकांकाच्या संपादकांना एवढीच विनंती आहे: यंदाच्या अंकात स्वागतपर मजकुराची काही पाने कमी करा, प्रत्येक शाखेचा एक अभ्यासनिबंध नोंदी आणि मुलाखतींसह पूर्ण छापा, आणि त्या अंकाची एक प्रत बुलढाण्याच्या जिल्हा ग्रंथालयात पोहोचवा.